लाटा कुणाला ऐकवल्या?

१२ मे, गणपतीपुळे. संध्याकाळ

भाड्याची गाडी चालवत आरे-वारेच्या रस्त्यानं आले. वळणावर समुद्र दिसला आणि "अहो, बघा" म्हणाले, तर बाजूची सीट रिकामी. सहल दोघांची ठरलेली. पण लातूरला टँकर आठ दिवसांनी येतो, म्हणून हे घरी थांबले. "तू जा, मी पाणी भरतो." मी तरी का निघाले?

गाडी थांबवून फोन लावला.

"समुंदर कसा हाय?"

"लई मोठा. ऐका," म्हणत फोन लाटांकडे धरला. कितीतरी वेळ. कानाला लावला, तर बंद.

तासाभरानं ह्यांचा फोन आला. "टँकर आला होता, घागरी घेऊन पळालो."

म्हणजे मी कुणाला ऐकवत होते?

उद्या रत्नागिरीत गाडी परत देते आणि लातूरची एसटी धरते.