कुमुदआत्याच्या पाटावर मी

७ एप्रिल
माळ्यावरून कूलर उतरला. नवी खस, नवा पंप, आवाज जुनाच. पहिला वारा आला तेव्हा आई, बाबा, मी, तिघंही हात पसरून समोर उभे. वर्षातला सगळ्यात चांगला दिवस हाच. वाढदिवस-बिढदिवस सगळं नंतर.

आईनं बाजारातून तीन लहान घागरी आणल्या. आजोबा, आजी, कुमुदआत्या, गेलेल्या प्रत्येकाच्या नावानं एक. म्हणजे अक्षय तृतीया आलीच. तोवर आंबा बंद. पितरांच्या आधी आपण खायचा नाही, हा बाबांचा कायदा. फळांच्या गाड्यांवरून नाक दाबून जावं लागतं.

आणि यंदाही आत्याच्या पाटावर मीच. आजोबांच्या नावानं शेजारचे वामनकाका जेवतात, आजीच्या नावानं काकू. आत्या लग्नाआधीच तापानं गेली, म्हणून तिच्या नावानं कुमारिका लागते. घरचं माणूस बसवत नाहीत म्हणे, पण बाबा पहिल्यापासून मलाच बसवतात. लग्न होईपर्यंत सुटका नाही, आणि तेवढ्यासाठी लग्न करायची माझी तयारी नाही.

११ एप्रिल
चष्म्याच्या दुकानात शुकशुकाट. या उन्हात नंबर काढायला कोण येणार? स्नेहल आणि मी काउंटर पुसून पुसून झिजवला. संध्याकाळी रसवंती. बिनबर्फाचा मागितला, बर्फ टाकलाच. मग टेंभरं, तेंदूची पिकलेली फळं. बोटं चिकट, तिच्या स्कूटीचं हँडल चिकट, स्ने. चिडली.

पण बोलावलं. "सोमवारी जयंतीले घरी ये कारध्याले. आमच्याकडे आंबा चालते." डिवचते मेली. जाणार.

१४ एप्रिल
नीट लिहिताच येत नाहीये.

सकाळी मजेत गेले. पुलावर निळे झेंडे, खाली नदी नुसती चमकत होती. स्ने.कडे खीर-पुरी झाली. मग शेजारच्या मावशींच्या अंगणात बसलो. मावशींचा नवरा चिखल्याच्या खाणीत होता, रिटायर झाल्यावर मागच्या वर्षी दोघं त्याच्या गावी, कारध्याला परत आले. मावशींनी आंबा कापायला घेतला. मी म्हटलं, आमच्याकडे तृतीयेआधी चालत नाही. त्या हसल्या.

"माह्या बापाच्या घरी बी असंच होतं. खा, मी कोनाले नाही सांगत."

खाल्ला. फोडी, मग कोयसुद्धा. रस कोपरापर्यंत. मग त्यांनी विचारलं, "कोनाची गं तू?" सांगितलं. साडीवाले सुधाकर यांची मुलगी, नामदेवराव विणकरांची नात.

सुरी थांबली. माझ्या तोंडाकडे इतका वेळ बघत राहिल्या की मला वाटलं रस लागलाय. पुसला.

"सुध्याची पोरगी? त्याच्या भुवईवर खोक हाय ना? मीच मागावरचा धोटा फेकून मारला होता."

म्हटलं, तुम्ही कोण?

"कुमुद."

आणि मी खुळ्यासारखी म्हणाले, "कुमुद तर वारली."

तिच्यासमोर. तिच्याच अंगणात. तिनं कापलेल्या आंब्याची कोय हातात धरून.

१५ एप्रिल
एका आजोबांची उजवी काच डावीकडे बसवली. मालक ओरडले. ओरडू देत.

रात्री जेवताना बाबांच्या भुवईकडेच बघत होते. खोक आहे. "लहानपणी मागावरून पडलो," असंच ऐकत आले आहे.

स्ने.लाही काही माहीत नव्हतं. मावशीला माहेर नाही, एवढंच तिच्या कानावर होतं. दिवसभर माझ्याशी धड बोलली नाही. निघताना म्हणाली, "आमच्या वस्तीत सून म्हणून आली, म्हणून तुमच्याकडे मेली का?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१७ एप्रिल
गच्चीवर कुरड्या घालताना आईला विचारलं. साचा तिच्या हातातच राहिला.

"मी लगन होऊन आली तवा तीन घागरी होत्याच. मले मंग समजलं. सासऱ्याले कोन विचारनार?"

"आणि आजोबा गेल्यावर?"

"तू बाबाले विचार." आणि पुढची कुरडई वाकडी.

म्हणजे तिला माहीत होतं! दर वर्षी मला पाटावर बसवून, माझ्या पायांवर पाणी घालून नमस्कार करणाऱ्या दोघांनाही माहीत होतं. मी आयुष्यभर एका जिवंत बाईच्या नावानं जेवत आलेय. आमरसाची दुसरी वाटी मागून मागून!

२० एप्रिल
एकटीच कारध्याला. मावशी म्हणू की आत्या? पूल संपेपर्यंत ठरेना. आत्या म्हटलं.

सगळं सांगितलं. घागर, पाट, मी. वाटलं रडेल. ती तोंडात पदर कोंबून हसायला लागली.

"काय काय वाढते गं माह्या नावानं?"

"पुरणपोळी, वडे, आमरस, कुरड्या."

"अन् मले चिखल्याले साधी कोय बी नाही पोचली!"

मीही हसले. दोघी इतक्या हसलो की मामाजी, म्हणजे तिचा नवरा, बाहेर येऊन बघून गेले. मग ती एकदम थांबली.

"घागर आता सुध्या भरते?"

हो म्हटलं.

"बापानं भरली, समजते. बाप तसाच होता. सुध्या काहून भरते? विचारशील त्याले."

२४ एप्रिल
विचारलं. बाबा दुकानातून येऊन हातपाय धुऊन कूलरसमोर बसले होते. म्हटलं, "बाबा, कुमुदआत्या कारध्याला राहते. मी तिच्या हातचा आंबा खाल्ला."

पहिला शब्द काय निघावा? "तृतीयेच्या आधी?"

हे सुचलं! एवढंच!

मग पंप बघतो म्हणून उठले आणि कूलरच्या मागेच उभे राहिले. तिथूनच बोलले. "तुह्या आजोबानं पह्यल्या साली माह्या हातानं भरवली. मले नाही म्हनता नाही आलं. मंग ते गेले. आता थांबवली त लोकं विचारतीन, काहून थांबवली? काय सांगू? बहीन जित्ती झाली म्हनून सांगू?"

म्हटलं, हो, तेच सांगा. आणि मी यंदा पाटावर बसणार नाही.

"लोकायसमोर तमाशा नको करू."

कूलरच्या मागून आवाज ओला येत होता. राग पूर्ण करता येईना, त्याचाही राग आला.

३० एप्रिल, दुपार
अक्षय तृतीया. तीन पाट. वामनकाका बसले, काकू बसल्या, तिसरा रिकामा.

बाबांनी आजोबांचं नाव घेऊन घागर भरली, मग आजीचं. तिसरी भरली आणि नाव घ्यायच्या वेळी माझ्याकडे बघितलं. मी स्वयंपाकघराच्या दारात. हलले नाही.

काकू म्हणाल्या, "पोरगी बसत काहून नाही?"

बाबा म्हणाले, "यंदा कुमुदच्या नावाचं नाही वाढायचं."

"काहून?"

बाबा घागरीचा दोरा सारखा करायला लागले. मग भाताचं पातेलं घेऊन उभी असलेली माझी आई, जी कधी सासऱ्यांच्या फोटोसमोरसुद्धा मोठ्यानं बोलत नाही, म्हणाली, "कारध्याले राह्यते ते. म्हनून."

काका वड्याचा घास तोंडाशी धरून थांबले. मग खाल्ला. "आमाले त माहीत होतं," म्हणाले. काकूंनी मान हलवली. "साऱ्या मोहल्ल्याले माहीत हाय."

साऱ्या मोहल्ल्याला! आणि दर वर्षी येऊन, जेवून, विडा खाऊन जात होते! ज्यांच्या भीतीनं बाबांनी इतकी वर्षं घागर भरली त्यांना सगळं ठाऊक. एक मीच येडी.

काका-काकू निघून गेल्यावर बाबांनी तिसरी घागर माझ्या हातात दिली. "नेऊन दे तिले."

३० एप्रिल, संध्याकाळ
स्ने.च्या स्कूटीवर मागे मी, मांडीत घागर. पुलावरच्या खड्ड्यांनी थोडं पाणी माझ्या अंगावर. स्ने. म्हणाली, "पितर ओले झाले." पहिल्यांदा नीट बोलली इतक्या दिवसांत.

आत्यानं दोन्ही हातांनी घागर घेतली. फिरवून फिरवून बघितली. गळ्यातला दोरा, कुंकवाची बोटं.

"हे मेलेलीची हाय का जित्तीची?"

मला माहीत नव्हतं. बाबा फक्त नेऊन दे म्हणाले होते.

प्यायली नाही. परतही दिली नाही. ओट्यावर सावलीत ठेवली, वर ताटली झाकली. "ज्यानं भरली त्यानंच येऊन सांगावं म्हना. तवापर्यंत राहू दे इथंच."

घरी येऊन बाबांना शब्दाला शब्द सांगितला. समोर आमरसाची वाटी, हात लावलेला नाही. मग विचारलं, "पानी थंडं झालं असन का?"

म्हटलं, नवी घागर आहे, होईल हळूहळू.

आता हे लिहितेय आणि बाबा दारात उभे आहेत. पायात चपला, हातात स्कूटरची किल्ली. ना आत, ना बाहेर. आई आतून ओरडतेय, "जाचं असन त जा, नाही त आत या. दरवाजा उघडा ठेवून सारी कूलरची हवा जाऊन राह्यली."