तुझे कान जागे आहेत

प्रिय दादा,

आधी हे ऐक, बाकीचं नंतर. तू मेलेला नाहीस. तुला डोळे उघडता येत नाहीत, बोट हलवता येत नाही, श्वाससुद्धा त्या मशीनच्या जिवावर चाललाय, पण तुझे कान जागे आहेत. सकाळपासून हे सगळ्यांना सांगून माझा घसा बसला. कुणी मनावर घेत नाही. म्हणून म्हटलं, तुलाच सांगावं. तू निदान उलटून बोलणार नाहीस, आयुष्यात पहिल्यांदाच.

काय झालं ते तुला धड कळलं नसेल. इंजिन नीट करून दिलंस म्हणून होडीवाल्याने खूश होऊन सोललेले मासे दिले आणि काल दुपारी तू ते तळून खाल्लेस. वहिनी मासे खात नाही म्हणून वाचली. तो फुगा मासा होता, दादा. इथे पूर्वी सापडायचा तो साधा, बिनविषारी फुगा नव्हे, त्याचा गरम पाण्यातला चुलतभाऊ. समुद्र तापत चाललाय तसा तो दरवर्षी थोडा थोडा इकडे सरकतोय. माझ्या प्रयोगशाळेतल्या भिंतीवर नकाशा आहे, जिथे तो सापडला तिथे मी पिवळी टाचणी टोचते. टाचण्या आपल्या किनाऱ्याच्या दिशेने येताना मला दिसत होत्या, पण त्या तुझ्या ताटापर्यंत येतील असं मनातही आलं नव्हतं. आणि एकदा कातडी सोलली की तो कुठला फुगा हे भल्याभल्यांना ओळखता येत नाही, त्यामुळे होडीवाल्याला बोल लावू नकोस. तो बाहेर जिन्यात डोकं धरून बसलाय.

तू भेटलास की दर वेळी, ह्या माशावरूनच मला पाडलेल्या नावाने हाक मारून विचारायचास, फुगे, तुझ्या त्या माशाचा उपयोग काय? एकदा प्रयोगशाळेत आलास, टाकीत बोट घालायला निघालास, आणि तिथेही सगळ्यांदेखत हेच विचारलंस. मी तुला सांगत बसले की ह्या माशाचा जनुकसंच किती आटोपशीर आहे, अडगळ जवळजवळ नाहीच, तुझ्या गॅरेजने त्याच्याकडून काहीतरी शिकावं. सगळे हसले, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं. घे, आज उत्तर घे. आपल्या नसांना बारीक बारीक दारं असतात, त्यांतून निरोप पुढे जातो. हे विष त्या दारात बुचासारखं घट्ट बसतं. माशाच्या जनुकांत एका ठिकाणी इवलासा फरक आहे, त्यामुळे त्याच्या दारात ते बूच बसतच नाही. तुझ्या दारात बसलं. म्हणून हातपाय गेले, छातीचे स्नायू थांबले. पण ते मेंदूपर्यंत पोचू शकत नाही. तुझा मेंदू, जो काही आहे तो, शाबूत आहे. ह्याला उतारा नाही, पण शरीर स्वतःच हळूहळू विष बाहेर टाकतं. तोवर श्वास मशीनने घ्यायचा, एवढंच तुझं काम.

डॉक्टर भले आहेत, पण त्यांनी असा रोगी कधी पाहिलेला नाही. त्यांनी डोळ्यांत टॉर्च मारला, बाहुल्या हलल्या नाहीत, आणि तुझ्या पायाशी उभं राहून वहिनीला मनाची तयारी करायला सांगितलं. तुझ्यासमोर! मी त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं. तू ते ऐकलंस, मला माहीत आहे, आणि त्यानंतर तुझ्या मनात काय चाललं असेल ह्या विचाराने माझं बूड एका जागी टेकत नाहीये. उठते, तुझी चादर सरळ करते, खिडकीपाशी जाते, परत येऊन तीच चादर सरळ करते. कुठला मासा होता ह्याचा पुरावा आणा, तोवर मशीनला हात लावणार नाही, असं डॉक्टरांनी कबूल केलंय. तुझ्या ताटात उरलेला तुकडा डबीत घालून मी पर्समध्ये ठेवलाय. पर्सला जो वास येतोय त्याचा हिशेब तू बरा झाल्यावर करू.

वहिनीचं मात्र मला भय वाटतं. डॉक्टरांचं ते वाक्य ऐकल्यापासून ती बाहेरच्या बाकावर बसून आहे, आत यायला तयार नाही. त्या देहात ते आता नाहीतच, भिंतीशी काय बोलू, असं म्हणाली. तुमच्या भांडणांनी शेजाऱ्यांची करमणूक व्हायची, आणि आता ती तुझ्या खोलीच्या दाराकडे बघतही नाही. मी चहा आणून दिला, तिने तो नुसता धरून ठेवला. तसा तो तिच्या हातच्या चहापेक्षा बरा होता. तिचा चहा म्हणजे पातेलं विसळलेलं पाणी, तू इतकी वर्षं कसा पितोस देव जाणे. हे तिच्या कानावर गेलं तर माझी धडगत नाही.

आता हे सगळं लिहायचं कारण सांगते. मला निघायला हवं. त्या तुकड्याची तपासणी मीच करायची आहे, आणि होडीवाल्याने आणखी कुणाकुणाला मासे दिले तेही शोधायचंय. तुला असं मुक्या खोलीत एकटं टाकून पाय निघत नव्हता. म्हणून जाताना हे कागद वहिनीच्या हातात कोंबणार आहे. तिला तुझ्याशी बोलता येत नाहीये, पण वाचता येतं. सांगणार आहे, पलंगाजवळ बस आणि एक अक्षर न गाळता मोठ्याने वाच. तुला तर पहिल्याच शब्दाला कळलं असेल की हा आवाज माझा नाही. वहिनी, चहाचं मुद्दाम लिहिलंय गं. तू चिडलीस की तुझा आवाज चढतो, आणि दादाला तोच आवाज सगळ्यांत ओळखीचा आहे. तो ऐकतोय. आता कागद खाली ठेव, त्याचा हात हातात घे, आणि पुढचं तुझं तू बोल.

तुम्हा दोघांचीच,
फुगी