दातिवऱ्याचा स्थानिक मार्गदर्शक

६ जानेवारी १९८६, सोमवार
विद्यापीठाचा 'स्थानिक मार्गदर्शक' होण्याची खरी किंमत: चार पापलेटं, एक कोंबडा आणि समुदाय-सहभाग या विषयावर प्रा. दिनानाथांचं तीन तास भाषण. पापलेटांचं दुःख नाही.
उन्हावर तापणाऱ्या पेटीत बोंबील कसे वाळवायचे, ते हे लोक दातिवऱ्याच्या कोळणींना शिकवणार. कोळणी पिढ्यान्‌पिढ्या तेच करतात, पण डिग्री नाही ना! असो. अहवालाच्या पहिल्या पानावर माझं नाव येणार. चौथी नापास, बोईसरचा बर्फवाला! बी.ए. मेहुण्यांना एक प्रत थेट विद्यापीठातूनच जाईल, अशी सोय केली.

९ जानेवारी
शिबिराची तारीख मीच ठरवली. २६ जानेवारी: रविवार, झेंडावंदन, वर पौर्णिमा. प्राध्यापक नुसतेच डायरी चाळत होते. शिकलेली माणसं! चाळीस बायका आणतो म्हणालो. वीस वर्षं माझा ट्रक त्यांच्या बोटींना बर्फ घालतोय. समुद्र मला पाठ.

१५ जानेवारी
गोदूबाईला निरोप द्यायला दातिवऱ्याला गेलो. जवळा निवडता निवडता म्हणाली, "पुनवेला?" म्हटलं, शुभ दिवस. ती शेजारणीला म्हणाली, "शेठला बरफ समजतो, पानी नाय." दोघी खिदळल्या. अडाणी. सोबतची चंद्रकांता, विद्यापीठाची संशोधक, हेही वहीत उतरवत होती. याला संशोधन म्हणतात!

२६ जानेवारी, सकाळी ९
तंबू, पेटी, पेढे, चाळीस खुर्च्या. व्यवस्था चोख.

११ वाजता
बसलेले: प्राध्यापक, जीपचा ड्रायव्हर, मी.

दुपारी १
उलगडा झाला. पुनवेच्या उधाणाला जाळी भरतात. बोटी भरून लागल्यात, सगळ्या बायका किनाऱ्यावर. कुणी आधी सांगायला नको? गोदूबाई लांबून ओरडली, "अष्टमीला या शेठ! उधान उतरून पानी मेलं का आमी रिकाम्याच!"
चंद्रकांता चपला काढून त्यांच्यात जाऊन बसली. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूवर कसे टांगायचे, ते शिकत होती. चाळीसजणी एकीला शिकवतायत. मी आणलेल्याच बायका, म्हणजे शिबिर झालंच.

१४ ऑगस्ट
मेहुण्यांचा फोन. अहवाल त्यांना मिळाला. आवाजात फारच गोडवा. म्हणाले, "भावजी, पहिलं पान राहू द्या, एकसष्टावं बघा."
माझी प्रत उघडली. पहिलं पान: स्थानिक मार्गदर्शक, गोदूबाई, दातिवरे. छपाईची चूक. पत्र टाकतोच.
पान एकसष्ट, साहाय्य सेवा: पुंडलिकशेठ, बोईसर. खुर्च्या चाळीस, वापरल्या तीन.