मेईचा डो

मावटेन, ३ मार्च

चि. इबांदारीस बाहचा खुब्लेई. देवाच्या कृपेने तिकडे सगळे बरे असाल.

सोमवारी सकाळी झाडूचं गवत वाळत घालताना मी पापांचं गाणं गुणगुणत होतो. ध्यानात आलं, शब्दांमागे त्यांची गिटारही कानात जशीच्या तशी वाजतेय. हातातली पेंढी टाकली आणि कोणत्या शब्दाला कोणते स्वर एकत्र वाजायचे ते रविवारच्या शाळेत शिकलो तसं डो-रे-मीत लिहून काढलं. तेवढ्यात गवतात शेळी शिरली. तुझ्या वहिनीने जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्याजोगं नाही.

स्वर ठाऊक आहेत, पण त्यांसाठी बोटं कुठे ठेवायची ते नाही. पापांनी शिकवलं नाही, मीही विचारलं नाही. तुझ्या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरला स्वर दिले की ते कॉर्ड शोधून बोटांची जागा दाखवतं म्हणालीस, तर एवढं करून दे.

पापा गेल्यापासून आपली मेई चर्चमध्ये ओठ मिटून बसते. ईस्टरला ती इथे येईल तेव्हा हे एक गाणं आपल्या आईने माझ्या गिटारच्या साथीवर गावं, एवढंच देवाकडे मागतोय. फोनला रेंज नाही, म्हणून पत्र सुमोवाल्याच्या हाती देतोय. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
बाह ट्रेमलांग

मॉकिरवाट, ११ मार्च

ती. बाहस धाकट्या बहिणीचा खुब्लेई. शेळीची तब्येत कशी आहे?

सॉफ्टवेअरने कॉर्ड क्षणात दिले. जिथे बोटं ठेवायच्या दोन रीती दाखवल्या, तिथे तुझी आल्याच्या गड्ड्यांसारखी बोटं आठवून सोपी निवडली. पण शहाण्या, डो-रे-मीतला पहिला डो कुठल्या पट्टीत ते लिहिलंच नाहीस. आपण गाणारे गळा नेईल तिथे डो ठेवतो, सॉफ्टवेअरला मात्र पट्टी सांगावी लागते. मी आपली यादीतली पहिलीच धरली.

लॅपटॉपवर कॉर्ड वाजवून मेईला ऐकवले. तिने क्वायचा विडा खाली ठेवला, दोन ओळी गायली आणि तिसरीला आवाज चिरकला. म्हणाली, तुझ्या बापाने मला एवढ्या उंच कधी चढवलं नाही. मग क्वाय तोंडात टाकून पाठ फिरवली ती फिरवलीच. पट्टी उतरवून दिली तरी ऐकेना. पापांचा डो कुठे असायचा विचारलं, तर म्हणाली, मला काय ठाऊक, मी चुलीपाशी सुरू करायचे आणि तो अंगणात तारा चाचपडत मागून यायचा.

म्हणून तेच गाणं निरनिराळ्या पट्ट्यांत काढून सगळे कागद पाठवतेय. बाळाला कांजिण्या आल्यात, मला येता येणार नाही. मेईला सुमोत बसवून देईन. वहिनीला विचारलंय म्हणून सांग.

तुझी,
इबांदारी

मावटेन, ईस्टरचा सोमवार

चि. इबांदारीस बाहचा खुब्लेई.

आधी तेच सांगतो. मेई गायली. शेवटच्या ओळीपर्यंत, आणि नंतर सगळ्यांदेखत मला म्हणाली, तुझा बाप यापेक्षा लवकर पोचायचा. बाळाला हे नक्की सांग.

तुझे सगळे कागद मी पाठ केले. यापेक्षा शेळी बरी, असं तुझ्या वहिनीचं मत झालं. मेईने धरलेली पट्टी निघाली सर्वांत खालची, म्हणजे ज्या कागदाला मी सगळ्यात कमी हात लावला त्याच्यावरचीच. पहिली ओळभर चाचपडलो, दुसरीला सापडली.

गायकवृंद चालवणारे बाह किटबोक आता माझ्याशी जरा तुटक बोलतात. गिटारने आधी डो द्यायचा आणि मग सगळ्यांनी उचलायचं, ही आपल्या चर्चची रीत. नाहीतर फजिती होईल, असं त्यांनी तालमीत बजावलं होतं, आणि मी मान डोलावली होती. तुझं पत्र आल्यापासून मनात वेगळंच होतं, पण सांगायचा धीर झाला नाही. काल सकाळीही प्रार्थनेत तेवढा धीरच मागितला.

नाव पुकारल्यावर उभा राहिलो. सगळे डोची वाट पाहत होते. कोणीतरी खोकलं, किटबोकांच्या भुवया वर गेल्या. मी तारांवर हात सपाट ठेवला, मेईकडे पाहिलं आणि ती सुरू करेपर्यंत थांबलो.

तुझा,
बाह ट्रेमलांग