फ्रान्सला न्यायचा कुकर

गुरुवार, संध्याकाळ, शारजा

मनुष्यजन्म दुर्लभ म्हणतात; माझ्या जन्मातले तीन तास आज प्रेशर कुकरने खाल्ले. जुलैत आम्ही तीन कुटुंबं फ्रान्समधल्या एका खेड्यात शेतावरचं घर भाड्याने घेणार, त्याची सभा आमच्याकडे होती. कुकर कोणी न्यायचा? पाच लिटरचा पुरेल?

"भाऊजी, कुकरला संस्कृतात काय म्हणतात ते सांगा, नाहीतर गप्प बसा," माझी संस्कृत झाडायची खोड ठाऊक असलेल्या शेजारच्या जोशीवहिनी म्हणाल्या.

"शीघ्रपाकयंत्र," म्हणालो आणि पुन्हा पाच लिटरच्या बाजूने भांडू लागलो.

"बाबा, इट्स फ्रान्स! जस्ट ईट ब्रेड," मुलगी म्हणाली. तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

"आमचा साडेसातचा नेऊ, खलास!" जोशी म्हणाले. "तू पासपोर्ट सोडवलास का? सोमवारी व्हिसाचे अर्ज द्यायचेत."

"इन्शाल्ला," म्हणालो. इथे त्याचा अर्थ 'बघू कधीतरी' असा होतो; सगळे हसले.

माझा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असतो. रजेचा फॉर्म भरला की मिळतो. फॉर्म आठवडाभर बॅगेत पडून आहे. 'कुठे जाणार' या रकान्यात दरवर्षी डोळे मिटून सांगली लिहितो. यंदा फ्रान्स लिहायला हात का उठत नाही? मला जायचंय की नाही? आणि जायचं नसेल, तर कुकरवर एवढ्या हिरिरीने वाद कशाला घातला?

रजा वर्षातून एकदाच. सांगलीला आईला अजून सांगितलेलं नाही. "खुशाल जा," म्हणेल ती. ती एक्याऐंशीची आहे. यंदा तिच्याकडे गेलो नाही, तर पुढच्या वर्षी ती भेटेल की नाही, याची मला भीती वाटते.