कुलपातला बॅज

बाबा, आज मला बॅज मिळाला. तुझ्यासारखाच, छातीवर लावायचा, अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा. रोह्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढायला लागले मी, आणि सकाळपासून पाय जमिनीवर नाहीत माझे. दर पेशंटनंतर मान खाली घालून बघते, आहे ना जागेवर. बाकीच्या हसतात. हसू देत.

तू धाटावच्या कंपनीत टाक्यांचे वेल्डिंगचे जोड किरणांनी तपासायचास. त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर सुट्टी काढून आपण हमरापूरला गेलो, मामाला मूर्तींच्या रंगकामात हात द्यायला. बॅज हरवू नये म्हणून तू तो कंपनीतल्या सगळ्यात भक्कम कुलपात ठेवलास. आणि कुलूप कुठलं, तर बंद असतानाही थोडी किरणं झिरपणारं ते यंत्र ठेवायच्या खोलीचं. धन्य रे बाबा तुझी. तू इकडे पितांबराला पिवळा रंग देतोयस आणि तिकडे बॅज एकटाच किरणं खातोय.

मग बॅजचा रिपोर्ट आला, भलताच मोठा आकडा. साहेबांनी तुला कामावरून बाजूला केलं, रक्त तपासायला पाठवलं. कासू गावी आपल्या घरी तू पडवीत वेगळा बसलायस, ताट वेगळं, गोधडी वेगळी. मी धावत येते आणि तू हात आडवा धरतोस. "जवळ नको येऊ गो. माझ्या अंगातलं तुला लागंल." आई आतून म्हणते, "अवो, रडतंय पोर, घ्या की." तू नुसतं "नाय" म्हणतोस आणि तोंड फिरवतोस. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं.

रक्त चांगलं निघालं. बॅज कुठं ठेवला होतास, हे विचारल्यावर सगळा उलगडा झाला. साहेब किती ओरडले ते तू कधी सांगितलं नाहीस. स्टेशनवरून आलास तो थेट मला उचललंस, डबा खाली पडला तरी सोडलं नाहीस.

पुढे शिकताना वर्गात सर सहज म्हणाले, यंत्रातली किरणं अंगावर पडलेल्या माणसाला हात लावला, तर दुसऱ्याला काहीच होत नाही. बाबा, मला भर वर्गात उठून तुला हाक मारावीशी वाटली. एवढी चांगली बातमी, आणि तू जाऊन कितीतरी वर्षं झालेली. हे पत्रही कुठल्या पत्त्यावर टाकू? ठेवते घरातच. एक मात्र खरं, आनंदाबरोबर तुझा रागही आला. लागत नव्हतं रे काही. तेव्हाच घ्यायचं होतंस मला.