धबधब्यामागची खोली आणि आमचे साडू

सोमवार, १ मार्च. सकाळी ६.५०
आजपासून रोजनिशी. मन मोकळं करायला नव्हे, माझं मन मोकळंच आहे. नोंद असावी म्हणून.

काल साडू जेवायला आले होते. साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान. आमच्याच अम्युझमेंट पार्कात प्लंबर. लागून जेमतेम सहा महिने, आणि तेही मी शब्द टाकला म्हणून. मी तिथं चौदा वर्षं पेंटर आहे. खोटा डोंगर, खोटी गुहा, खोटं जहाज, सगळं माझ्या ब्रशखालून गेलंय.

तर साडू पाणी पिता पिता म्हणाले की डोंगरावरच्या धबधब्यामागे एक गुप्त खोली आहे. मेंबर फक्त चाळीस. वेटिंग लिस्ट दहा वर्षांची. आत बसलं की पडत्या पाण्याआडून अख्खं पार्क दिसतं, बाहेरच्याला मात्र आतलं काही दिसत नाही. नळ गळत होता म्हणून यांना नेलं होतं.

चिमीचा घास हातातच राहिला. चिमी म्हणजे माझी मुलगी, वय सात. बाबा, तुम्ही पाहिलीय का, म्हणाली. मी म्हणालो, कितीदा! सांगायची परवानगी नाही, म्हणून बोललो नाही.

साडू नुसते हसले. ते हसणं मला आवडलं नाही.

मला हेवा वगैरे वाटत नाही. अ‍ॅसिडिटी आहे.

मंगळवार, २ मार्च
संकल्प. एक: साडूंचा विचार बंद. दोन: खोली शोधणे. दोन नंबरसाठी एक नंबर तूर्त पुढे ढकलला.

गुरुवार, ४ मार्च. लंच टाइम
डोंगर मागून पुढून पाहिला. धबधब्यात भिजलो. खोली नाही. साडू थापा मारतात हे सिद्ध झालं.

दुपारी ३.००
सिद्ध झालं नाही. गेटवरच्या वॉचमनला विचारलं. म्हणाला, आहे की, सगळ्यांना माहीत आहे. झाडूवाल्या बाईंनी तर आतल्या गालिच्याचं डिझाइन सांगितलं. चौदा वर्षं या पार्कात मान खाली घालून काम करणारा मी एकटाच, असा याचा अर्थ.

घरी वेगळाच ताप. चिमीनं वर्गात सांगून टाकलंय की एकवीस तारखेला, वाढदिवसाला, बाबा तिला त्या खोलीत नेणार. बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या म्हणे. मी म्हणालो, नेणार म्हणजे नेणार. सतरा दिवस आहेत. भरपूर झाले.

रविवार, ७ मार्च
साडूंच्या मागावर गेलो. पाळत नव्हे. रस्ता एकच होता.

पार्कात नियम आहे. पाहुण्यांना जे दिसू नये, म्हणजे पाइप, मीटर, नोकरांची दारं, ते एका मातकट हिरव्या रंगात रंगवायचं. नजर त्यावरून घसरून जाते. तो रंग मी स्वतः कालवतो. डब्यावर नाव लिहितो: ‘दिसेना’.

साडू डोंगराच्या डाव्या भिंतीपाशी थांबले. भिंतीतली बेल दाबली. भिंत उघडली.

ती भिंत दरवर्षी मी रंगवतो. ‘दिसेना’चे दोन हात. बेलवरसुद्धा देतो, बिजागऱ्यांवरसुद्धा. ते दार आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ही म्हणाली असती, काखेत कळसा आणि गावाला वळसा. म्हणून तिला सांगितलं नाही. माझ्या मते हा कलेचा कळस आहे. इतकं चांगलं रंगवलं की माझं मलाच दिसलं नाही.

मंगळवार, ९ मार्च
बेल दाबली. कोटवाल्या माणसानं दार उघडलं. मी म्हणालो, रंग तपासायला आलोय. तो म्हणाला, रंग बाहेरच्या बाजूला आहे. दार बंद.

मुद्दा बरोबर होता.

पण तेवढ्यात आतलं दिसलं. एक मंद दिवा. एक गुबगुबीत खुर्ची. खुर्चीत साडू! समोर मॅनेजरबाई, हातात चहाचा कप. प्लंबर, आणि खुर्चीत! मी चौदा वर्षं शिडीवर. भिंत रंगवायची मी आणि आत बसायचं यांनी. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

गोळी घेतली. दोन घेतल्या.

गुरुवार, ११ मार्च
ही फोनवर साडूंशी हळू आवाजात बोलत होती. मी गेलो तर फोन ठेवला आणि हसली. संध्याकाळी साडूंनी सहज विचारल्यासारखं केलं: दादा, एकवीसला तुमची सुट्टी आहे ना?

डाव कळला. मी ड्यूटीवर असताना चिमीला हे नेणार. माझ्या मुलीला, माझ्या दारातून! मग ती वर्गात काकांचं नाव सांगणार. मी म्हणालो, सुट्टी आहे, घरीच आहे. साडूंचा चेहरा खुलला. काय अ‍ॅक्टिंग करतो हा माणूस!

शुक्रवार, १२ मार्च
सूचनापेटीत चिठ्ठी टाकली. डाव्या हातानं लिहिली. मजकूर: आपला एक प्लंबर गुप्त खोलीची माहिती लोकांच्या घरी जेवता जेवता सांगतो. पार्कच्या भल्यासाठी कळवत आहे. एक हितचिंतक.

नाव लिहिलं नाही. मी तसल्यातला नाही. ‘उंच प्लंबर’ एवढंच लिहिलं. पार्कात प्लंबर दोन आहेत, दुसरा बुटका आहे.

यात व्यक्तिगत काही नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

मंगळवार, १६ मार्च
साडूंना ऑफिसात बोलावलं. लेखी ताकीद. धबधब्यामागे जायला बंदी. मला वाईट वाटलं.

पोट एकदम साफ. चार दिवसांनी पोटभर जेवलो.

शनिवार, २० मार्च
चिमीला आत कसं न्यायचं, हे अजून ठरलेलं नाही. पण मुख्य अडथळा दूर झालाय. उद्या सकाळी सुचेल.

रविवार, २१ मार्च. दुपारी १.३०
सुचलं नाही. चिमी आठपासून नवा फ्रॉक घालून दारात बसली होती. मी दोनदा दाढी केली.

दहाला साडू आले. बूट न काढता दारातच उभे राहिले. म्हणाले, दादा, मला माफ करा.

मग सगळं सांगितलं. महिनाभर सुट्टीच्या दिवशी जाऊन त्यांनी त्या खोलीतलं जुनं कारंजं फुकट दुरुस्त केलं. मॅनेजरबाईंनी विचारलं, काय देऊ? हे म्हणाले, मला काही नको, एकवीसला तासभर दोघांचं टेबल द्या. चिमीला आणि तिच्या बाबांना. हिला माहीत होतं. मला सरप्राइज होतं.

खिशातून पास काढला. जाड कागद, सोनेरी कडा. त्यावर माझं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. खाली चिमीचं. आणि दोन्ही नावांवर आडवा शिक्का: रद्द.

साडू म्हणाले, माझ्याच जिभेनं घात केला, दादा. कुणीतरी चिठ्ठी टाकली. बाईंनी मला दाखवली.

ही रडली. म्हणाली, कुणाच्या डोळ्यांत खुपलं असेल हो? साडू म्हणाले, असेल कुणीतरी, जाऊ द्या. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पास वाचत होतो.

चिमी रडली नाही. पास तिनं माझ्या हातातून घेतला, नीट घडी केली आणि म्हणाली, बाबा, तुम्ही त्या माणसाला शोधून काढा. पार्कातलं तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

साडू खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. ती बांधलेलीच होती.

मी म्हणालो, शोधतो.